एका मैलाचा उतार

डेन्व्हर येथील कोलोरॅडो राज्याच्या विधानभवनाच्या पायऱ्यांवर समुद्रसपाटीपासून बरोबर एक मैल उंचीची खूण आहे. आणि सरकारी कारभाराच्या शिरस्त्यास अनुसरून अशा खुणा एक सोडून तीन आहेत. पहिली पंधराव्या पायरीवर दगडात अक्षरे कोरून केलेली, दुसरी १९६९ साली पुन्हा मोजणी झाल्यावर अठराव्या पायरीवर चढलेली, आणि तिसरी २००३ सालच्या मोजणीने तेराव्या पायरीवर उतरलेली. यांतील खरी कोणती याचा निवाडा भूमापनवाल्यांनी करावा, माझ्यासारख्या परदेशातून येऊन स्थायिक झालेल्या रहिवाशाने त्यात पडू नये हे उत्तम. परंतु या दोनचार पायऱ्यांच्या फरकाने ज्याचे काहीच अडत नाही आणि त्या मैलाने मात्र ज्याचा घास तोंडातून काढून घेतला आहे, असा एक आश्रित माझ्या दारात उभा असतो, व त्याच्या वतीने मला हा मैल फार वर्षे सतावीत आला आहे. तो आश्रित म्हणजे २००१ सालचा, टोयोटाच्या टॅकोमा जातीचा माझा पिकअप ट्रक होय.

कारखान्याच्या कागदपत्रांत त्याच्या ३.४ लिटरच्या सहा सिलिंडरी इंजिनाची शक्ती १९० अश्वशक्ती अशी नोंदलेली आहे आणि ती नोंद खोटी नाही. ती केवळ दुसऱ्या गावची आहे. समुद्रसपाटीवर हवेचा दाब चौरस इंचास १४.७ पौंड असतो. डेन्व्हरला तो बारा पौंडांच्या आसपास येतो. आणि येथून आय-७० महामार्गाने पश्चिमेस पर्वतात चढत अकरा हजार फुटांवरील आयसेनहॉवर बोगद्यापाशी पोहोचावे तो जेमतेम पावणेदहा पौंड शिल्लक उरतो. पेट्रोल काय, पंपाच्या जोरावर सिलिंडरात हवे तितके ओतता येते. त्याच्या ज्वलनास लागणारी हवा मात्र साध्या इंजिनाला बाहेरच्या दाबाच्या कृपेवर मिळेल तेवढीच घ्यावी लागते. दर हजार फुटांस सुमारे तीन टक्के शक्ती वजा, हा जो ठोकताळा येथील मेकॅनिक लोकांच्या तोंडी असतो, त्या हिशेबाने माझ्या ट्रकाचे १९० घोडे घरातून निघतानाच १६० झालेले असतात, आणि मागे ट्रेलर जोडून बोगद्याच्या चढणीस लागल्यावर सव्वाशेच्या घरात येतात.

या कपातीविरुद्ध दाद मागण्याचे मार्ग थोडेच. मोठ्या इंजिनाचा ट्रक घ्यावा, हा सरळ व खर्चिक. इंजिनाला हवा बळेच भरवावी, हा वाकडा व, निदान प्रथमदर्शनी, स्वस्त. बळेच भरवण्याचे पुन्हा दोन प्रकार. एक टर्बो, जो सायलेन्सरकडे निघालेल्या जळक्या वायूच्या झोतावर फिरतो आणि जो आता आपल्याकडे घाटात भेटणाऱ्या बहुतेक डिझेल ट्रकांवर असतो. दुसरा सुपरचार्जर, जो पट्ट्याच्या साहाय्याने इंजिनाच्या क्रँकवरच चालतो. मी दुसरा पत्करला, कारण माझ्या इंजिनाकरिता टोयोटाच्याच टीआरडी या शाखेने पूर्वी विकलेला, ईटनच्या रोटरांचा, एक वापरलेला सुपरचार्जर मला मिळत होता, आणि खाणीच्या यंत्रांच्या दुरुस्तीत उभी हयात घालवून निवृत्त झालेला माझा शेजारी तो उघडून पुन्हा बांधून देण्यास उत्सुक होता. निवृत्त कारागिराची उत्सुकता मोडणे हे मला कधीच जमलेले नाही.

सातारच्या दादांना ही वार्ता दूरध्वनीवरून कळवली तेव्हा पलीकडे बराच वेळ शांतता पसरली. दादा एस.टी.च्या कार्यशाळेतून निवृत्त झाले असून गाडीला कंपनीने न दिलेला एक वॉशरही लावणे म्हणजे खात्याशी बेइमानी, अशा मताचे आहेत.

"इंजिन बिघडलं होतं का रे?" त्यांनी विचारले.

"नाही दादा, उत्तम चाललं होतं."

"मग?"

या 'मग'चे उत्तर मी हवेचा दाब, उंची, ट्रेलर इत्यादी सांगून देऊ लागलो, ते मध्येच तोडून दादा म्हणाले, "म्हणजे कर्जतला बोरघाटासाठी गाडीच्या मागून इंजिनं लावतात, तसलं का काही?"

उपमा मोठी मार्मिक होती, परंतु तिच्यात नेमका उलटा भाग असा की, कर्जतला जोडलेली बँकर इंजिने आपली शक्ती घरून घेऊन येतात आणि गाडीकडे काही मागत नाहीत. सुपरचार्जर मात्र ज्या इंजिनास मदत करावयाची त्याच्याच दंडातून आधी आपला वाटा काढून घेतो आणि मग अधिक हवा देऊन त्याची भरपाई करतो. "मग ती मदत कसली, ही तर सावकारी," असे दादा म्हणाले, आणि माझ्या असे ध्यानात आले की, या यंत्राविषयी जे काही सांगण्याजोगे आहे त्यातील अर्धे त्यांनी साताऱ्यात बसून, यंत्र डोळ्यांनीही न पाहता, सांगून टाकले आहे.

त्याची कुळकथा मात्र मोटारीहून जुनी आहे. इंडियाना राज्यातील कॉनर्सव्हिल गावी लोकरीची गिरणी असलेले फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स हे बंधू पाणचक्कीला पर्याय शोधत असता दोन फिरत्या लोळ्यांची एक रचना करून बसले. ती पाण्यावर नीट चालेना, पण उलट फिरवली असता वारा असा सोडी की, तेथे उभ्या असलेल्या ओतशाळेच्या मुकादमाची टोपी उडाली असे सांगतात. टोपीची गोष्ट खरी असो वा नसो, १८६० साली पेटंट झाले, आणि पुढे कित्येक वर्षे हे यंत्र धातू वितळवण्याच्या भट्ट्यांना व खाणींना वारा घालीत राहिले. १८७० साली न्यूयॉर्कमध्ये आल्फ्रेड बीचने जमिनीखालून वाऱ्याच्या जोरावर डबा ढकलून दाखवला तोही रूट्सच्याच पंख्याने. मोटारीच्या अंगावर ते सर्वत्र झाले ते फार पुढे, आणि तेही आडवाटेने. जनरल मोटर्सने १९३८ साली ७१ मालिकेची दोन-स्ट्रोकी डिझेल इंजिने काढली; या जातीस हवा शोषून घेणारा स्वतंत्र स्ट्रोक नसल्यामुळे जळका वायू हुसकून ताजी हवा आत सारण्यासाठी रूट्सचा ब्लोअर ही तेथे चैन नसून पोटापाण्याची गरज होती. ट्रक, बस, युद्धातील नौका अशा ठिकाणी राबलेले हे ब्लोअर महायुद्धानंतर भंगारात पडू लागले आणि दक्षिण कॅलिफोर्नियातील उचापती तरुणांनी ते उचलून आपल्या गाड्यांच्या डोक्यावर बसवले. बॉनेटला भोक पाडून वर डोकावणारा जो चकचकीत ब्लोअर आज रुबाबाचे चिन्ह मानला जातो, त्याचा पूर्वज बसच्या पोटात हमाली करणारा होता, ही गोष्ट त्या रुबाबाच्या उपासकांना फारशी आवडत नाही. मला फार आवडते.

माझ्या सुपरचार्जरात तीन-तीन पाकळ्यांचे, किंचित पीळ दिलेले दोन रोटर आहेत. शेजाऱ्याच्या टेबलावर त्याचे नाक, म्हणजे पुलीच्या बाजूचा लांबट भाग, उतरवले आणि रोटर हाताने फिरवून पाहिले, तेव्हा मला वाटले होते त्याहून ते अगदीच निःशब्द फिरले. कारण ते एकमेकांना स्पर्श करीत नाहीत आणि भोवतीच्या भिंतीलाही करीत नाहीत. दोन पाकळ्या एकमेकींच्या खोबणीत शिरतात, तरी त्यांच्यात केसाएवढी फट कायम राहते, आणि ती फट राखण्याचे काम पुढच्या कप्प्यातील दातेरी चक्रांच्या जोडीकडे असते. आणखी नवल असे की, हे यंत्र आपल्या पोटात हवा दाबीतच नाही; ते एका बाजूची हवा पाकळीच्या पोकळीत धरून दुसऱ्या बाजूस नेऊन टाकते, आणि इंजिन जितकी गिळू शकते त्याहून अधिक हवा दारात येऊन पडू लागली म्हणजे दाब आपोआप चढतो. संथ चालीत, पाय हलका असताना, एक झडप उघडी राहून हवेला वळसा घालून जाऊ देते व रोटर जवळपास रिकामे फिरतात. पाय दाबला की झडप मिटते, आणि बॉनेटखालून तो बारीक, चढत जाणारा सूर निघतो, ज्याच्यासाठी, खरे सांगायचे तर, पुष्कळ लोक हा सगळा खर्च करतात आणि निमित्त चढणीचे सांगतात.

जमाखर्च मात्र मी काटेकोर ठेवला आहे. या यंत्राने बाहेरचा दाब साधारण १.४ पट होतो. सबब समुद्रकाठी जादा दाबाचा काटा सहा पौंड दाखवील, डेन्व्हरला पाच, आणि बोगद्यापाशी चारच. चाळीस टक्के लाभ, असे वाटून मन प्रसन्न होते तोच उष्णतेची वजावट समोर उभी राहते. दाबलेली हवा तापते. यंत्राची कार्यक्षमता साठ टक्के धरली तर ती सुमारे ५० अंश सेल्सिअसने तापते. तापलेली हवा पसरते. आणि पसरलेल्या हवेत प्राणवायू विरळ होतो. माझ्या जातीच्या सुपरचार्जरात ही हवा थंड करणारा इंटरकूलर नाही, त्यामुळे चाळिसातले वीसच टक्के पदरात पडतात. आता हे वीस टक्के डेन्व्हरच्या हवेवर चढवले, तर बेरीज जवळजवळ नेमकी समुद्रसपाटीच्या हवेएवढी येते. बोगद्यापाशी चढवले, तर डेन्व्हरच्या हवेएवढी. त्यातूनही पट्ट्याने ओढून घेतलेली शक्ती वजा करावयाची राहतेच. तात्पर्य, मी वेग विकत घेतला असे माझे तरुण सहकारी समजतात, ते चूक आहे. मी माझ्या ट्रकापुरता एका मैलाचा उतार विकत घेतला, तोही पूर्ण मैलाला चार हात कमीच.

याच कल्पनेची सरकारी रुजवात आमच्या राज्यात शंभर वर्षांपूर्वी होऊन गेली आहे. १९१८ साली जनरल इलेक्ट्रिकचा सॅनफर्ड मॉस लिबर्टी जातीचे विमानी इंजिन ट्रकावर घालून पाइक्स पीक या चौदा हजार फुटांहून उंच शिखरावर घेऊन गेला, कारण उंचावर गळणाऱ्या विमानी इंजिनाला टर्बोने किती उभारी येते याची परीक्षा जमिनीवर राहून करावयास ती सोयीची जागा होती. खाली ३५० अश्वशक्ती देणारे ते इंजिन शिखरावर २३० देऊ लागले, आणि त्याला टर्बो जोडताच ३५६. टर्बो माझ्या यंत्राचा चुलत भाऊ. पण पाइक्स पीकचा रस्ता चढताना मला या घराण्यापैकी कोणाचा वशिला सांगावयाचा झाला तर मॉसचाच सांगतो.

उतार विकत घेतल्यावर त्याच्याबरोबर उताराचे कायदेही लागू होतात, हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात येते. कोलोरॅडोच्या पेट्रोलपंपांवर साधे पेट्रोल ८५ ऑक्टेनचे मिळते, इतरत्र बहुतेक ठिकाणी ८७ चे. ही उंचीने दिलेली एक सवलत आहे, कारण विरळ हवेत सिलिंडरातील दाब कमी, म्हणून नॉकिंगचे भयही कमी. ज्याने आपल्या इंजिनास समुद्रकाठची हवा पाजण्यास आरंभ केला त्याची ही सवलत त्या दिवशी संपली. मला ९१ च्या नळीखेरीज दुसरी नळी वर्ज्य आहे, आणि ट्रक मागून नेणाऱ्या पाहुण्याला मी हे निक्षून, दोनदा, आणि शेवटी टाकीच्या झाकणावर चिठ्ठी डकवून सांगतो. नॉकिंग हा या व्यवहारातील खरा शत्रू. ठिणगीने पेटवलेली ज्योत येऊन पोहोचण्याची वाट न पाहता उरलेले इंधन आपल्या मर्जीने पेटू लागले की पिस्टनवर हातोडे पडतात. आणि त्याची पहिली लेखी साक्ष स्पार्क प्लगवर मिळते. प्लग मी मूळच्याहून एक पायरी थंड जातीचे घालतो, ते काढून उजेडात धरतो, आणि चिनीमातीचा भाग फिकट तपकिरी असला तर ठीक, पांढराफटक असला तर इंधन कमी पडते आहे, आणि त्यावर मिरपुडीसारखे काळे वा चमकते कण दिसले तर पिस्टनचे ॲल्युमिनियम झिजू लागले आहे असे समजतो. वैद्याने जीभ पाहावी, त्याहून हे निदान भरवशाचे असते. कारण प्लग पथ्याविषयी खोटे बोलत नाही.

देखभालीचे काम एरवी अवघड नाही, ते केवळ विसरण्याजोगे नाही. नाकातील दातेरी चक्रांना स्वतःचे तेल असते, इंजिनाच्या तेलाशी त्याचा संबंध नाही. चहाच्या एका कपाएवढे तेल, विमानाच्या जेट इंजिनांत घालतात त्या जातीचे कृत्रिम, आणि त्याला असा उग्र दर्प की एकदा बोटांस लागले म्हणजे त्या हाताने घरात कोणी चहाचा कपही घेत नाही. ट्रक सपाटीवर, यंत्र थंड, सकाळची वेळ. ॲलन कीने लहानसे बूच काढावयाचे आणि तेल आट्यांच्या खालच्या काठाशी टेकले आहे का ते पाहावयाचे. काचेच्या बाटलीत थोडे काढले असता ते मधासारखे स्वच्छ निघाले तर बूच पुन्हा लावून गप्प बसावे. काळवंडले असेल, किंवा उन्हात त्यात चांदीची धूळ तरंगताना दिसली, तर बेअरिंगांकडे जाण्याची वेळ जवळ आली.

आवाजांचेही एक दफ्तर ठेवावे लागते. थांबलेल्या गाडीत, इंजिन मंद चालत असता नाकातून कडकड ऐकू येते आणि किंचित वेग देताच ती नाहीशी होते, तेव्हा दोष बहुधा कपलरचा असतो. पुलीचा दंड आणि रोटर यांच्या मध्ये बसणारी ही प्लॅस्टिकची चकती पिनांच्या भोकांशी झिजली म्हणजे सैल होऊन बोलू लागते. तिची किंमत क्षुल्लक, पण बोलणे ऐकून अपरिचित माणसाचा थरकाप उडतो. उलट जो आवाज वेगाबरोबर वाढतो, खरखरीत होतो आणि मिटत नाही, तो बेअरिंगचा. तो सुपरचार्जरचा की अल्टरनेटरचा, की पट्टा ताणून धरणाऱ्या बिचाऱ्या पुलीचा, हे ठरवण्यासाठी शेजारी लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक एकेका भागावर टेकवून मूठ कानाशी धरतो आणि डोळे मिटतो. त्या वेळी त्याच्याशी बोललेले त्याला खपत नाही.

सुट्या भागांच्या दुकानात तर आपण कुळवारीतून बाहेर पडलेल्या माणसासारखे उभे राहतो. काउंटरवरचा मुलगा वर्ष, कंपनी, मॉडेल विचारतो, संगणकात पाहतो आणि पट्टा आणून ठेवतो. तो पट्टा माझ्या ट्रकाचा असतो, माझ्या सुपरचार्जरचा नसतो. प्लग तोच प्रकार. कारखान्याच्या यादीत जी गाडी आहे ती आता माझ्या दारात नाही, आणि जी दारात आहे तिची यादी माझ्याजवळच्या वहीखेरीज पृथ्वीवर कोठे नाही. त्या वहीत पट्ट्याच्या लांबीपासून प्लगच्या फटीपर्यंत सर्व माझ्या हस्ताक्षरात आहे, आणि ती हरवेल या धास्तीने मी तिची नक्कल दादांकडे साताऱ्यास पाठवून ठेवली आहे. त्यांनी ती एस.टी.च्या जुन्या कागदांबरोबर गाठोड्यात बांधली असून आता दर दोनचार महिन्यांनी "कपलर बघितलास का?" असे विचारतात.

अशा गोष्टींत मनुष्याची मते बनतात, आणि माझे मत, आश्चर्य वाटेल, पण बेंटली मोटारींचा जनक डब्ल्यू. ओ. बेंटली याच्या बाजूस झुकते. १९३० च्या सुमारास शर्यतपटू टिम बर्किनने बेंटलीच्या साडेचार लिटरच्या गाडीस ॲम्हर्स्ट व्हिलियर्सचा सुपरचार्जर रेडिएटरच्याही पुढे, क्रँकच्या तोंडाशी बसवला. ल मान्सच्या शर्यतीचा नियम पुरा करण्यासाठी तशा ५० गाड्या ग्राहकांसाठी बांधाव्या लागल्या, आणि त्या गाडीचा दबदबा आज शतक होत आले तरी ओसरला नाही. प्रत्यक्ष बेंटलीस ही जोड नापसंत होती. शक्ती हवी तर इंजिन मोठे करा, असे त्याचे म्हणणे, आणि ल मान्स त्याच्या साध्या श्वासाच्या मोठ्या गाड्यांनी जिंकले, ब्लोअरने कधीच नाही. कारखानदार म्हणून त्याचा निवाडा बिनतोड आहे. परंतु कारखानदार समुद्रसपाटीच्या हिशेबाने आणि सरासरी गिऱ्हाइकासाठी गाडी बांधतो, अकरा हजार फुटांवर ट्रेलर ओढणाऱ्या विशिष्ट मनुष्यासाठी नाही. तेथून पुढचा कारभार ज्याने अंगावर घेतला त्याने बेंटलीचे ऐकावे, मान डोलवावी, आणि पट्टा तपासून निघावे. मात्र आहे त्याहून लहान पुली बसवून दाब आणखी वाढवण्याचा जो सल्ला मला वारंवार मिळतो, तो मी मानीत नाही. लहान पुली म्हणजे रोटर अधिक वेगात, हवा अधिक तापलेली, इंधन अधिक अपुरे. एका मैलाचे दोन मैल करण्याचा हा लोभ असून त्याची वसुली पिस्टनांकडून होते.

कॅलिफोर्नियात असल्या जोडणीस प्रदूषण मंडळाचा क्रमांक असलेली सनद लागते आणि बॉनेटखाली तिची पट्टी दाखवावी लागते. मला हा दंडक जाचक वाटत नाही. दुसऱ्याच्या हवेत आपला धूर सोडणाऱ्याने दाखला बाळगावा, यात तक्रार करण्याजोगे काय आहे?

घरात मात्र तक्रारीचा विषय निराळा आहे. सुपरचार्जर बसवताना इंजिनाच्या डोक्यावरून जे मूळ हवेचे भांडे उतरवले, ते त्याच्या नळ्या, कंस आणि चिठ्ठ्या बांधलेल्या बोल्टांसह एका लाकडी पेटीत गॅरेजात ठेवलेले आहे. ट्रक कधी विकावयाचा झाला तर घेणाऱ्यास कारखान्याच्या यादीतील गाडी परत करता यावी, हा हेतू. "अहो, ही पेटी कधी काढणार?" असे सौभाग्यवती दर वसंतात विचारतात, आणि गेल्या वसंतात वाटाघाटी होऊन असा तह झाला की, पेटी हलणार नाही, पण तिच्या झाकणावर कुंड्या ठेवण्याचा हक्क कायमचा त्यांचा राहील, आणि झाकण उघडण्याची गरज पडलीच तर कुंड्या मी उतरवीन व त्याच क्रमाने पुन्हा मांडीन. तो क्रमही मी वहीत, पट्ट्याच्या लांबीच्या खाली, लिहून ठेवला आहे.